केरूअण्णांची वाम

मी नर्स म्हणून दवाखान्यात रुजू झाले त्या पहिल्याच सकाळी औषधांचं कपाट उघडलं आणि अशी किंचाळले की ओट्यावर बसलेले पेशंट उठून उभे राहिले. कापसाच्या गठ्ठ्याशेजारी दूधपावडरीचा जुना डबा होता, झाकणाला खिळ्यानं भोकं पाडलेली. आत ओली माती आणि मातीत वळवळणारी गांडुळं. कंपाउंडर केरूअण्णा पलीकडच्या टेबलाशी मिक्स्चर ढवळत होते. त्यांनी मानसुद्धा वळवली नाही.

"झाकान लावा बाई," म्हणाले, "गरम हवा लागतीय त्यांना."

"हा दवाखाना आहे का काय आहे?"

"दवाखानाच हाय. म्हनून तर गारवा हाय."

मी भिंगारची. वडील कॅन्टोन्मेंटात फिटर, आई तोंडाची फटकळ, आणि मी आईवर गेलेली. डबा उचलला आणि बाहेर ओट्यावर नेऊन आदळला. दुसऱ्या दिवशी तो परत कपाटात. मी परत बाहेर. असं आमचं पंधरा दिवस चाललं आणि शेवटी मी हरले. डबा तळाच्या फळीवर, कापूस वरच्या फळीवर, असा तह झाला. केरूअण्णांशी भांडून जिंकणं अवघड होतं, कारण ते भांडतच नसत. नुसते थांबत.

गाव श्रीगोंदा तालुक्यातलं, नदीकाठचं. नाव सांगत नाही; माणसं अजून आहेत आणि मला अजून जेवायला बोलावतात. दवाखाना दोन खोल्यांचा. डॉक्टर गुरुवारी तालुक्याहून यायचे, तेही जीप चालू असली तर. बाकी सहा दिवस मी आणि केरूअण्णा. त्यांचं वय तेव्हा पन्नाशीला टेकलेलं. अंगानं काटक, मिशा पांढऱ्या, डावा डोळा कायम बारीक केलेला. पाण्यावरच्या उन्हाकडं बघून बघून तो तसाच राहिला होता. सकाळी पांढरा लेंगा-सदरा घालून गोळ्या द्यायचे. चार वाजले की खाकी अर्धी चड्डी चढवून, गळाची काठी खांद्यावर टाकून नदीची वाट धरायचे.

हाताला मात्र जादू होती. गळू कापलेलं पोर कापल्यावर रडायचं, कापताना नाही. एकदा एका धनगराच्या अंगठ्यात गळ घुसला. तो माणूस गळ मागं ओढत ओढत, ओरडत आला. अण्णांनी त्याला खाली बसवलं, मेंढरांची चौकशी केली, कुठली गाभण आहे, कुठली लंगडते. तो सांगत राहिला आणि यांनी गळ पुढं सारून टोक बाहेर काढलं, पक्कडीनं तोडलं, उरलेला अलगद उपसला. धनगर अजून लंगड्या मेंढीचंच सांगत होता.

आणि बुचं! दवाखान्यात बाटल्यांना बुचं म्हणून शिल्लक राहायची नाहीत. लोक मिक्स्चरच्या बाटल्यांना कागदाचे बोळे लावून घरी न्यायचे. मी चौकशी केली तेव्हा कळलं की अण्णांच्या प्रत्येक दोरीला एक बूच. पाण्यावर तरंगायला. मासा लागला की बूच बुडतं, एवढं साधं. मी म्हटलं, "अण्णा, सरकारी बुचं आहेत ती." ते म्हणाले, "सरकारी कामच हाय. लोकांना मासं मिळत्यात."

पण लोकांना मासे मिळत नव्हते, हीच तर गंमत. त्यांची बायको पारूवहिनी माझ्यापाशी येऊन कपाळाला हात लावायची. "बाई, लगीन झालं तवा रोज कालवन असायचं. मंग असं दिवस आले की टोपलीभर मासं, शेजाऱ्यांना वाटून वाटून हात दुखायचे. आता बघा. दोन-दोन दिवस बसत्यात आन् हात हालवत येत्यात. इचारलं तर म्हनत्यात, हुती. काय हुती? तर दोरीला लागली हुती. आता दोरीला लागल्यालं मी शिजवू कसं?"

मी एकदा उत्सुकता म्हणून त्यांच्याबरोबर डोहावर गेले. गावाच्या वरच्या अंगाला नदीत काळा खडक होता, त्याखाली खोल डोह आणि खडकाच्या पोटात आत गेलेली कपार. केरूअण्णा खडकावर बसले आणि बुचाकडं बघू लागले. माणूस एरवी दिवसात दहा वाक्यं बोलणार नाही, पण बुचाकडं बघताना बोलायचा. फक्त समोरच्याकडं बघायचा नाही.

मी सरळ विचारलं, "अण्णा, कशासाठी करता हो हे? खरं सांगा."

बुचाकडं बघतच म्हणाले, "पयलं भुकंपायी. बाप गेला तवा मी आठ वर्षांचा. आई रानात जायाची, भाकरीसंगं काय तरी पायजे म्हनून मी हितं यायचो. बोटाएवढा मासा मिळाला तरी आई मुका घ्यायची. त्या वक्ताला मासा म्हंजी आईचा मुका, एवढंच ठावं."

"मग?"

"मंग मिसरूड फुटलं, आन् डोकं फिरलं. मेव्हन्याबरुबर पैज लागायची, कुनाचं जास्त. एका दिसात बेचाळीस धरलं. बेचाळीस! उन्हाळा हुता. निम्मं घरी पोचस्तोवर नासलं. आईनं टोपलीत बघितलं आन् माझ्याकडं बघितलं. काय बोलली न्हाई. त्या दिसापासनं मी मोजायचं बंद केलं."

मोजायचं बंद झालं तसं मोठ्याचं वेड लागलं. त्या काळातला फोटो त्यांच्या घरी भिंतीवर होता. तरणे केरूअण्णा छाती काढून उभे, आणि हातात त्यांच्या कमरेइतका लांब शिवडा मासा. तो शिवडा पंचा ओला करून त्यात गुंडाळून, सायकलवर श्रीगोंद्याला नेला, फोटोवाल्याच्या दुकानापुढं दोन तास उभे राहिले, आणि फोटोवाल्यानं म्हटलं, आधी त्याला पुसून आणा, वास येतो. पारूवहिनी फोटोकडं बोट करून सांगायची, "माझ्याबरुबर एक फोटू न्हाई ह्यांचा. ह्या मेल्याबरुबर हाय."

आणि मग वाम. कपारीत राहणारी, सापासारखी, हातभर लांब, काळी, अंगावर पिवळट ठिपके. अकरा वर्षं केरूअण्णा तिच्या मागं होते. तीनदा ती गळाला लागली. पण वाम लागणं वेगळं आणि मिळणं वेगळं. तिचं शेपूट कपारीत असेल तर ती दगडाला विळखा घालते, मग दोरी तुटते, वाम येत नाही. दुसऱ्या वेळी तंगुसाची, म्हणजे नायलॉनची बारीक, दोरी अण्णांच्या बोटाला गुंडाळलेली होती. बोट हाडापर्यंत कापलं. ते त्यांनी स्वतःच टाके घालून शिवलं, एका हातानं. मला टाके दाखवले तेव्हा मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही वेडे आहात." ते खूश झाले.

तर हे असं चाललेलं, आणि बहात्तरचा पाऊस आलाच नाही.

त्या दुष्काळाचं काय सांगू? माणसं खडी फोडायला आणि तलावाच्या कामावर गेली, रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी आणि सुकडी खाऊन दिवस काढले. त्र्याहत्तरच्या चैत्रात नदी म्हणजे पांढरी वाळू झाली. विहिरी एकेक करून तळाला लागल्या. अख्ख्या गावाला उरला तो एकच डोह, तोही आटून अंगणाएवढा. डोहाच्या खालच्या बाजूला वाळूत खड्डे खणले होते, त्यांना झिरे म्हणायचे. डोहाचं पाणी वाळूतून गाळून झिऱ्यात पाझरायचं आणि बाया वाटीवाटीनं घागर भरायच्या. एक घागर भरायला अर्धा तास. तेच प्यायचं, तेच शिजवायचं.

आणि डोहात मासे मरायला लागले. पहिला मेलेला मासा हौसाबाईनं बघितला. हौसाबाई म्हणजे गावातली सगळ्यात वडीलधारी बाई, झिऱ्यावर कुणाचा नंबर कधी हे तीच ठरवायची. तिनं सरपंचांना, बापूरावांना, बोलावून आणलं. आहेत ते मासे उन्हानं मेले, कुजले, तर डोह नासणार. डोह नासला की झिरे नासले. जाळं ओढावं तर सगळा गाळ उठणार, झिरे बुजणार. मग बापूराव दवाखान्यात आले.

"कंपाउंडर, तुमची हौस आता गावाच्या कामाची. गळानं एकेक करून समदं मासं काढा. गाळ ढवळायचा न्हाई. एकबी शिल्लक ठिवायचा न्हाई."

केरूअण्णा आठ दिवस डोहावर बसले. मी दवाखाना सांभाळला आणि येता-जाता बघून गेले. मासे भुकेले होते, गळ पाण्यात पडायचा अवकाश. माझी आपली समजूत, हा माणूस आनंदात असेल. पण त्यांचा चेहरा बघवत नव्हता. मासा ओढताना दुसरीकडं बघायचे. "बाई," म्हणाले, "ही काय मासेमारी हाय व्हय? झाडलोट हाय."

लोक मात्र खूश. कामावरून आलेली माणसं करंजाच्या सावलीत वाळूवर बसून मासे साफ करायची आणि घरी न्यायची, कारण घरी मासा धुवायला पाणी कुठलं? पहिल्या दिवशी आतडी-खवले तशीच पडलेली बघून मी ओरडले. "अहो, माश्या बसतात त्यावर! तीच माशी भाकरीवर बसते! पुरा ते सगळं, खड्डा करून पुरा." बाईचा हुकूम म्हणून लोक आठही दिवस नेमानं पुरत होते. मला बरं वाटलं.

नवव्या दिवशी दिवसभर बूच हललं नाही. दहाव्या दिवशीही नाही. संध्याकाळी बापूराव काठावर आले आणि विचारलं, "संपलं?"

केरूअण्णा दोरी गुंडाळत होते. म्हणाले, "संपलं."

मला एकदम कपार आठवली. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि ओळखलं की हा माणूस खोटं बोलतोय. परतताना वाटेत त्यांना गाठलं. "अण्णा, वाम?"

"हाय की. कपारीत हाय."

"मग सांगितलं का नाही?"

"ती मरायची न्हाई, बाई. वाम चिवट. थोड्या पान्यात ऱ्हाती, चिखलात ऱ्हाती."

"आणि मेली तर? पुढच्या वर्षी धरायला पाहिजे म्हणून ठेवलीत ना?"

ते थांबले. मला वाटलं चिडतील. पण त्यांचा चेहरा पार पडला होता. "खरं सांगू का? मलाबी कळंना. धरायला ठिवली का जगायला ठिवली. धा दिस म्या गळ कपारीकडं टाकलाच न्हाई. हातच जाईना."

मी बापूरावांकडं जायला हवं होतं. गेले नाही. मूग गिळून बसले. अकरा वर्षं एका माशापायी झिजलेला माणूस, आता गावापुढं त्याची लाज काढायची, माझ्यानं होईना. आजही सांगते, ती माझी दया होती, आणि दया करायचा मला अधिकार नव्हता. पाणी गावाचं होतं.

त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी हौसाबाईची नात शेवंती, सहा वर्षांची, तिला तिची आई खांद्यावर टाकून घेऊन आली. रात्रीपासून उलट्या आणि जुलाब. डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी. दुपारपर्यंत आणखी पाच जण आले. त्यात एकानं सांगितलं की झिऱ्याच्या पाण्याला वास येतोय. मी वाटी मागवून हुंगली. येत होता.

मी केरूअण्णांकडं बघितलं. पेज ढवळता ढवळता त्यांच्या हातातली पळी थांबली होती. गावातून निरोप गेला आणि तीन वाजता तालुक्याची जीप आली. शेवंती आणि तिची आई तिच्यात बसली. हौसाबाईला जागा उरली नाही. जीप गेली तशी म्हातारी धुरळ्याकडं बघत उभी राहिली, आणि तिच्यामागं बापूराव, आणि निम्मं गाव.

"डोहात काय तरी मेलंय," बापूराव म्हणाले. "कंपाउंडर, तुमी तर म्हनाला हुता, संपलं."

आता केरूअण्णांना गप्प बसता आलं असतं. मी तर गप्प बसलेच होते. पण ते पायरी उतरून खाली आले.

"एक वाम ठिवली म्या. कपारीत. तुमाला खोटं सांगितलं."

मग एकदम सगळेच बोलायला लागले. एकानं अण्णांची गचांडी धरली. बापूरावांनी त्याला मागं ओढलं आणि स्वतःच ओरडले. "पोरं मरत्यात हितं, आन् तुमी मासं पाळता? औषध देनारा मानूस तुमी!"

"वाम मेली असंल तर मीच मारलं पोरीला," केरूअण्णा म्हणाले. "बघू द्या मला. हात घालून बघाय गेलं तर गाळ उठंल. गळच टाकतो. जिती असंल तर लागंल."

चार वाजता ते खडकावर बसले. माझ्याच कपाटातला डबा मागवला. मी पेशंटांना पेज देऊन मागोमाग गेले, कारण कुठलं पाणी द्यायचं हे मलाही माहीत हवं होतं. ऊन असं की खडकावर पाय ठेववत नव्हता. काठावर सत्तर-ऐंशी माणसं. कपारीच्या तोंडाशी बूच उभं होतं. त्याच्याशिवाय कुणाला काही दिसत नव्हतं.

आयुष्यात मी बाळंतपणं पुष्कळ केली. आडवं आलेलं मूल वळवलंय. पण त्या संध्याकाळसारखा जीव टांगणीला कधी लागला नाही. बूच हललं तर वाम जिवंत, म्हणजे पाणी तिनं नासवलेलं नाही. बूच नाहीच हललं तर ती आत कुजत पडलीय, आणि तिकडं जीपमधल्या पोरीच्या पोटात तेच पाणी आहे. केरूअण्णांच्या पाठीवरून घाम ओघळत होता आणि ओठ हलत होते. मी जवळ गेले तेव्हा ऐकू आलं. "ये गं. एवढ्या बारीला ये. ये गं माजे बाय."

पाच वाजले. सहा वाजले. गांडूळ तीनदा बदललं. मागून कुणीतरी म्हणालं, "मेली. कशाला बसायचं?" हौसाबाई त्याच्यावर खेकसली, "गप ऱ्हा मुडद्या." ती खडकाच्या पायथ्याशी बसली होती, डोळे बुचावर. तिची नात जगतेय की नाही हे तिला ठाऊक नव्हतं.

दिवस मावळला, उजेड होता अजून. बूच एकदा थरथरलं.

"ओढा!" बापूराव ओरडले.

केरूअण्णांनी ओढलं नाही. बूच परत स्थिर झालं. मग हळूच आडवं झालं, सरकत कपारीकडं गेलं आणि बुडालं. अण्णांनी काठी बाजूला टाकली, दोरी दोन्ही हातांत धरली आणि सावकाश, हात हात करत घेतली. मला वाटलं आता ती दगडाला विळखा घालणार, आता दोरी तुटणार. पण कसलं काय! तिच्या अंगात जोरच नव्हता. वाम वर आली ती वाळलेल्या दोरखंडासारखी. डोकं मोठं, अंग नुसतं कातडं. अकरा वर्षांची वाट आणि ती अशी आली.

"जिती हाय!" केरूअण्णा ओरडले. त्या माणसाचा आवाज मी तेवढा मोठा कधी ऐकला नव्हता. "हौसाक्का, जिती हाय!" आणि तिला दोन्ही हातांत धरून ढसाढसा रडायला लागले.

लोकांनी श्वास सोडले. कुणी हसलंसुद्धा. हौसाबाई मात्र हलली नाही. तिनं वर बघितलं आणि विचारलं, "मंग माज्या पोरीला कशानं झालं?"

सगळे इकडंतिकडं बघायला लागले. मीही बघितलं. करंजाच्या झाडाखाली एक कुत्रं वाळू उकरत होतं. मन लावून, पुढच्या दोन्ही पायांनी. त्यानं काहीतरी काळं, ओघळणारं तोंडात धरून ओढलं, आणि वाऱ्यावर तो वास आला. वाटीतला वास.

करंजाची सावली कुठं होती, हे आठ दिवस मी येता-जाता बघितलं होतं. डोहाच्या आणि झिऱ्यांच्या बरोबर मध्ये. टोपल्या-टोपल्या आतडी आम्ही त्या वाळूत पुरली होती, आणि डोहाचं पाणी त्याच वाळूतून गाळून झिऱ्यात येत होतं. पाणी नासू नये म्हणून काढलेल्या माशांनी पाणी नासवलं होतं. आणि पुरा म्हणून सांगितलं होतं मी. नर्सबाईनं.

केरूअण्णांनी कुत्र्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्यांना सगळं समजलं होतं. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "माज्या माशांची घान ती. म्या काडल्यालं मासं."

ते तेवढ्यावर राहू दिलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. एक क्षण मला मोहही झाला, खोटं कशाला बोलू? पण म्हातारी माझ्याकडंच बघत होती. मी म्हटलं, "पुरायला मी सांगितलं होतं, हौसाबाई. माझी चूक आहे." रडू येत होतं, पण रडायची लाज वाटली.

बापूरावांनी दगड उचलला. "ते मागनं बघू. आदी हिला ठेचा. एक घोर तरी मिटंल."

"थांब," हौसाबाई म्हणाली. ती उठली, गुडघ्यावर हात देत खडक चढली आणि वामेकडं वाकून बघितलं. "डोहाचं पानी वंगाळ झालं तर आदी कोन मरंल? ही मरंल. झिऱ्याला वास आला तवा उशीर झाला हुता. ही हाय तवर आपल्याला कळंल तरी. सोड तिला, केरू. पर आता तू रोज बघायचं. सकाळच्याला आन् सांजच्याला. जिती हाय म्हनशील तवाच आमी घागर भरू. आन् परत खोटं बोललास तर याद राख."

केरूअण्णांनी गळ काढला. धनगराच्या अंगठ्यातून काढला होता तितक्याच हलक्या हातानं. वाम पाण्यात सोडली. ती क्षणभर तशीच पडून राहिली, मग कपारीत शिरली.

रात्रभर कंदील लावून सगळं गाव वाळू उपसत होतं. घाण टेकडीपलीकडं नेली, झिरे बुजवले, डोहाच्या दुसऱ्या अंगाला नवे खणले. केरूअण्णा हातांनी उकरत होते, फावडं घेतलंच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तालुक्याहून निरोप आला. शेवंती वाचली. सलाइनच्या चार बाटल्या लागल्या. बाकीचे पाचही उठले. गावानं मला हाकललं नाही, हे गावाचं मोठेपण. मी त्यानंतर प्रत्येक घागरीत स्वतःच्या हातानं पाणी शुद्ध करायचं लाल औषध टाकत होते. पण खरं सांगायचं तर बायांचा माझ्या औषधावर विश्वास नव्हता, वामेवर होता. मी त्यांना दोष देत नाही.

रोज वाम धरून दाखवायची म्हटलं तर ती गळानंच मेली असती. म्हणून केरूअण्णांनी गळ काढून टाकला. नुसता जाड दोरा, टोकाला गांडूळ बांधलेलं, दुसरं टोक बोटाला. कपारीच्या तोंडाशी दोरा सोडायचा आणि थांबायचं. तिनं गांडूळ खेचलं की कळायचं. तिचं पोटही भरायचं. पारूवहिनी म्हणाली, "आता तर शिजवायचा सवालच मिटला."

मी एकदा त्यांना विचारलं, "आता दोरा हलला की कसं वाटतं हो?"

"पयलं हात शिवशिवायचा," म्हणाले. "आता छाती हलकी हुती. रोज वाटतं, आज न्हाई हलायची."

मेच्या अखेरीस माझी बदली झाली. पाऊस अजून नव्हता. सकाळच्या एस.टी.नं निघायचं होतं, ट्रंक फाट्यावर पुढं पाठवली आणि मी डोहाकडून गेले. बाया घागरी घेऊन ओळीनं बसल्या होत्या. शेवंती आजीच्या मांडीला टेकून. केरूअण्णा खडकावर, माझ्याकडं पाठ, बोटाला दोरा. डोह आता आमच्या दवाखान्याच्या खोलीएवढा उरला होता.

मला निरोप घ्यायचा होता, पण मध्येच हाक मारवेना. दोरा सरळ होता. बराच वेळ गेला. फाट्यावर गाडीचा भोंगा वाजला. ड्रायव्हर ओळखीचा, त्यानं दुसऱ्यांदा वाजवला. शेवंतीनं आजीला काहीतरी विचारलं आणि हौसाबाईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. केरूअण्णांचे खांदे आखडत चालले होते. मी तिथंच उभी. गाडी गेली तर गेली.

मग त्यांचे खांदे खाली आले. ते वळले नाहीत. बोटाला दोरा तसाच ठेवून, पाण्याकडं बघत म्हणाले, "भरा."